नाना घरतांचा शेरा

नाना घरतांना कबड्डीचा सामना बघताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा रस्ता चुकून इकडे आलाय. सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे डोळे लावून बसलेलं असतं आणि नाना मात्र बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या पोरांकडे बघत असतात. टाळ्या पडल्या की शेजारच्याला विचारतात, "काय झाला?" आणि तो सांगेपर्यंत त्यांची नजर पुन्हा त्या बाद पोरांवर गेलेली असते.

आणि हा माणूस एका व्यावसायिक कबड्डी संघाचा निरीक्षक होता. उरणपासून आपट्यापर्यंत कुठल्या गावात, कुठल्या कॉलेजात लीग खेळण्याच्या लायकीचा खेळाडू आहे ते हुडकायचं आणि लिलावाच्या आधी संघाच्या कचेरीला कळवायचं, हे त्यांचं काम. नानांनी 'घ्या' म्हटलं की पोराचं नाव यादीत जायचं. नानांनी 'नको' म्हटलं की पोराच्या घरी दोन दिवस कोणी धड जेवायचं नाही. एवढी सत्ता हाती असलेला माणूस मी आमच्या विद्यापीठातसुद्धा पाहिलेला नाही, आणि तिथे ती हाती असती तर तो इतका पायी हिंडला नसता.

मी पनवेलच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. ज्या बैठकीला मी गैरहजर होतो त्या बैठकीत मला एकमताने क्रीडा समितीचा प्रमुख नेमण्यात आलं. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात मी टोपी घालून पाहुण्यांच्या खुर्चीत बसलो होतो. तेव्हा एक बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुमी इंग्रजीचं ना? मग आपला जमेल. बगायचा काम माजा. लिवायचा काम तुमचा."

कचेरीचा फॉर्म इंग्रजीत होता, चार पानी, आणि नानांचं इंग्रजी कारखान्यातल्या पान्यांच्या नावांपुरतं. तेव्हापासून आमची जोडी जमली, ती आठ वर्षं टिकली.

नाना खारघरच्या एका गावठाणातले. आता त्या गावठाणाला चारी बाजूंनी टॉवरांनी वेढलंय. ज्या मैदानावर नानांनी आयुष्यातली पहिली पकड केली, तिथे एका सोसायटीच्या गाड्या उभ्या असतात. नाना अधूनमधून तिथे जाऊन येतात. वॉचमन त्यांच्यापुढे वही सरकवतो. नाना निमूटपणे नाव लिहितात आणि 'कोणाकडे जायचे आहे' या रकान्यात लिहितात, 'मैदान'. वॉचमननेही कधी हरकत घेतलेली नाही. रकाना भरला म्हणजे झालं.

तरुणपणी ते कबड्डी खेळत म्हणून तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांना फिटरची नोकरी लागली. फिटरचं काम ते नंतर शिकले, आणि मग आयुष्यभर सगळ्याच गोष्टींकडे फिटर म्हणून बघत राहिले. बाद पोरांकडे का बघता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चालू मशीन सगळ्यांनाच झ्याक वाटते, सर. बंद करून बगायची. बंद झाली का कुठला नट ढिला हाय ता कलतं."

या पद्धतीने त्यांनी भल्याभल्यांचे नट ढिले दाखवून दिले. एक चढाईपटू असा होता की त्याने जिंकून दिलेल्या ढाली ठेवायला गावात कपाट उरलं नव्हतं. नानांनी त्याला दोनदा बाद होताना पाहिलं. दोन्ही वेळा तो बाहेर येऊन बसला आणि आपल्या जागी कोण खेळतोय ते बघण्याऐवजी प्रेक्षकांत आपल्याला कोण बघतंय ते बघत राहिला. "नको," नाना म्हणाले. पुढे त्या पोराला दुसऱ्या एका संघाने घेतलं, आणि मधेच रुसून तो घरी आला. नानांना हे सांगितलं तर त्यांना आनंद झाला नाही. "पोर वंगाल नवता," एवढंच म्हणाले.

निरीक्षक म्हटल्यावर पोरांचे बाप आणि मामा त्यांच्याभोवती पिंगा घालणार हे ठरलेलंच. थंडीच्या दिवसांत नानांना पोपटीची इतकी आमंत्रणं येत की एका संध्याकाळी तीन शेतांत तीन मडकी त्यांची वाट बघत असत. नाना सगळीकडे जायचे. वालाच्या शेंगा मनापासून खायचे, बोटं चाटायचे, आणि सकाळी माझ्याकडे येऊन त्याच घरच्या पोराला 'नको' लिहायला सांगायचे. एकदा उरणच्या एका मामाने घरी पापलेटं पाठवली. आठवड्याने त्या भाच्याचं नाव यादीत नाही म्हटल्यावर मामा भर मैदानात नानांना जाब विचारायला आला. नाना शांतपणे म्हणाले, "पापलेट ताजा होता. पोरगा नाय."

पण नानांचं बोलणं इंग्रजीत घालायचं म्हणजे माझी परीक्षा असे. फॉर्ममध्ये एक रकाना होता, खेळाडूची मानसिक जडणघडण. एका पोराबद्दल नाना म्हणाले, "आयशीवर वराडतो. लिवा." आता हे इंग्रजीत कसं लिहायचं? मी लिहिलं, संवादकौशल्यात सुधारणेस वाव आहे. दुसऱ्याबद्दल म्हणाले, "हा घाबरट हाय, पन घाबरट हाय ता त्याला म्हाईत हाय, म्हनून घ्या." मी लिहिलं, वास्तवाचे भान असलेला खेळाडू. नाना बोलत खडखडीत, आणि मी लिही गुळगुळीत. आठ वर्षं मी त्यांच्या वाक्यांना इस्त्री करत आलो आणि मनात स्वतःची पाठ थोपटत आलो, की बघा, या अडाणी सोन्याला मी कसा घाट देतोय. शेवटचा रकाना 'शेरा'. तिथे नाना एकच वाक्य सांगत. कचेरी तेवढंच वाचते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग सिद्धेश आला.

सिद्धेश करंज्याचा. बाप हिरामण नाखवा, स्वतःची बोट, घरात तीन पिढ्यांचा मासेमारीचा धंदा. पोरगा आमच्याच कॉलेजात शिकत होता, उंची सहा फूट तीन इंच. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि हजेरीला 'प्रेझेंट सर' इतकं हळू म्हणायचा की एवढ्या मोठ्या देहातला आवाज कुणी काढून घेतलाय की काय, असं वाटावं. सुट्टीचा अर्जसुद्धा इंग्रजीत स्वतः लिहून आणायचा, चार चुका करून, आणि त्या माझ्याकडून दुरुस्त करून घेऊन पुन्हा स्वच्छ लिहून द्यायचा. मास्तरला असा एखादा विद्यार्थी मिळाला तरी वर्ष भरून पावतं. मला तो आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो.

कबड्डीत उंच माणसाला तसा फार मान नाही. खेळ वाकून खेळायचा. लांब पाय म्हणजे समोरच्याला धरायला जास्त जागा. पण सिद्धेश दोन्हीकडे चालायचा. चढाईला गेला की उभ्या उभ्या पाय लांबवून कोपऱ्यातल्याला शिवून यायचा, आणि बचावात डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की चढाई करणाऱ्याला पळायला जागाच उरायची नाही. कचेरीला नेमका असा खेळाडू हवा होता. तिथला निनाद नावाचा एक तरुण दर आठवड्याला लॅपटॉप घेऊन यायचा. प्रत्येक चढाईचं चित्रीकरण, प्रत्येक पकडीची नोंद, सगळं त्याच्याकडे. तो म्हणायचा, "सर, असा प्लेअर आम्ही दोन सीझन शोधतोय. आणि हाइट बघा ना. बाकी सगळं शिकवता येतं, हाइट नाही शिकवता येत."

"खरा हाय," नाना म्हणाले. "पन उंची म्हंजे शिडी. शिडी कशाव टेकवली हाय ता बगावा लागंल."

निनादने हेसुद्धा लॅपटॉपमध्ये टिपून घेतलं. पोरगा सज्जन होता.

आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिद्धेश एकदाच बाद झाला. आमचं सगळं कॉलेज हळहळलं. नाना सरसावून बसले. बाद झालेले बाकीचे दोघे मांडी घालून बसले होते. सिद्धेशने डावा पाय सरळ लांब केला. पंचांनी पाय आत घ्यायला सांगितलं तसा त्याने तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. पुढच्याच मिनिटाला तो पुन्हा मैदानात गेला आणि अशी धडक मारली की चढाई करणारा रेषेबाहेर लोळला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, "सर, उद्या तुमची स्कूटर मोकली हाय काय? करंज्याला जाऊ."

करंजा बंदरावर सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोटी खाली, धक्का वर, आणि मधे शेवाळलेल्या पायऱ्या. वर मासळीच्या लिलावाचा गलका चालला होता. नानांनी एका उलट्या टोपलीवर बैठक मारली. सिद्धेश बोटीवरून मासळीचे क्रेट खांद्यावर घेऊन वर आणत होता. आम्हाला बघून लाजून हसला. नाना त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते.

"पायऱ्या बगा, सर," ते हळूच म्हणाले. "उजवा. डावा मागून. परत उजवा. परत डावा मागून. यक पायरी तरी डाव्यानं चढला का?"

मी बघत राहिलो. एकही नाही.

वर्गात त्याचा एक पाय कायम बाकाबाहेर, वाटेत असायचा. मी त्याला दोनदा अडखळून पडता पडता वाचलो होतो, दोन्ही वेळा 'पाय आत घे' म्हणून ओरडलो होतो. तो डावाच होता. पण मी इंग्रजीचा माणूस.

नानांनी सिद्धेशला जवळ बोलावलं. "गुडघा कवा गेला रं?"

"कुठला गुडघा, नाना?"

"डावा."

"कायच नाय झाला. बरा हाय." आणि ते सिद्ध करायला तो जागच्या जागी दोनदा उड्या मारून दाखवू लागला. हिरामण नाखवा बाजूला जाळं बघत उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. जाळं चाचपतच म्हणाले, "बोट लावताना पाय मधी आलता. शिमग्याच्या आदी. नाना, पोरगा लय मेहनती हाय."

"म्हनून तर बोलतोय," नाना म्हणाले.

परत येताना वाटेत चहाला थांबलो तेव्हा नाना म्हणाले, "आत्ता डाक्तरकडं गेला, वरीसभर कबड्डी सोडली, तर गुडघा ऱ्हाईल. मग मॅटवर पन ऱ्हाईल नि बोटीवर पन ऱ्हाईल. आत्ता लीगमदी गेला तर म्हैनाभरात बसंल. मग मॅट नाय, बोट नाय."

"पण नाना, पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार? या वर्षी नाव झालंय त्याचं."

"ता पन खरा हाय," नाना म्हणाले आणि बशीतला चहा बशीतच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसलो. उंची, वजन, हातांची लांबी, चढाई, पकड, सगळे रकाने भरले. सगळीकडे नानांनी अशी स्तुती सांगितली की मी दोनदा खात्री करून घेतली. शेवटी शेरा. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डावा गुडघा गेलेला हाय. पोरगा लपवतो. या वरसाला घेऊ नका."

मी लिहिलं. आता जे लिहिलं ते सांगतो. मी लिहिलं, डाव्या गुडघ्याकडे लक्ष असावे. अन्यथा खेळाडू सर्वार्थाने योग्य.

का लिहिलं? कॉलेजचं नाव, प्राचार्यांची घाई, हे सगळं होतंच. पण खरं कारण म्हणजे मला त्या पोराचं नाव यादीत बघायचं होतं. शिवाय हात सवयीचा. आठ वर्षं प्रत्येक वाक्याला इस्त्री केली होती, हेही त्यातलंच एक, असं मी स्वतःला सांगितलं. नानांनी खाली सही केली, मराठीत, एकेक अक्षर सुटं. कागद कचेरीला गेला, त्याची प्रत नेहमीप्रमाणे नानांनी पिशवीत घातली.

लिलावात सिद्धेशला संघाने घेतलं. पनवेलच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर प्राचार्यांचा फोटो सिद्धेशपेक्षा मोठा होता; कागदावर उंची ज्याची त्याची असते, फ्लेक्सवर ती छापणारा ठरवतो. करंज्याला मिरवणूक निघाली, बोटींना पताका लागल्या. माझाही सत्कार झाला. मला नारळ मिळाला आणि तो मी घेतला. नाना मिरवणुकीला आले नव्हते. तब्येत बरी नसेल, असं मी समजलो, म्हणजे समजून घेतलं.

सराव शिबिराच्या तिसऱ्या आठवड्यात, एका साध्या सरावाच्या पकडीत सिद्धेशचा गुडघा बसला. मॅटवरून त्याला चौघांनी उचलून नेलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, जिने चढशील, खेळणं विसर. नाखवांनी विचारलं, बोटीवर? डॉक्टर म्हणाले, बोट हलते ना?

कचेरीने चौकशी केली. निनादचा मला फोन आला. बिचारा अवघडून बोलत होता. "सर, नानांनी एवढी मोठी गोष्ट नीट लिहायला हवी होती. नुसतं लक्ष असावे म्हणजे काय?" फोन कानाला धरून मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याला मात्र मी कुठल्याच भाषेत गुळगुळीत करू शकलेलो नाही. पंधरा दिवसांनी नानांना पत्र आलं. त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल संघ ऋणी होता आणि यापुढे त्यांना तसदी देणार नव्हता. पत्र इंग्रजीत होतं. ते वाचून दाखवायला नानांनी ते माझ्याकडेच आणलं, आणि मी ते वाचून दाखवलं, शब्द न शब्द, पहिल्यांदाच इस्त्री न करता.

"बरा झाला," नाना म्हणाले. "डोल्यांना पन आता कमीच दिसतं."

त्यांना कमी दिसत असेल यावर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

चार महिने मी ते पोटात घेऊन हिंडलो. शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. नाना ओट्यावर बसून पंख्याची मोटर उघडत होते. आत त्यांची नात खारघरच्या इंग्रजी शाळेतल्या कविता मोठ्याने पाठ करत होती. मी जे काय केलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. तुम्ही सांगितलं एक, मी लिहिलं दुसरं, तुमचं नाव गेलं, पोराचा पाय गेला, सगळं. नानांनी पाना खाली ठेवला.

"ठाव हाय मना."

"म्हणजे?"

त्यांनी मानेनेच आत नातीकडे दाखवलं. "तुमचं सगलं रिपोट तीच वाचते. पयल्यापासून नाय, पन दोन-तीन वरसं झाली. आयशीवर वराडतो ता तुमी कसा लिवलाव, ता वाचून लय हसलो आमी. बोल्लो, सर बरा मानूस हाय, पोरांची अब्रू ठेवतो."

मी विचारलं, "आणि गुडघ्याचा?"

नानांनी पाना पुन्हा उचलला. "ता पन वाचला तिनं. मी बोल्लो, परत वाच. तिनं परत वाचला. तुमच्याकडं यायला निंगलो मी, सर. चपला घातल्या. कागद अजून कचेरीत पोचायचा होता, तुमी फोन केला असता तं बदलला असता. मग चपला काडल्या. मना पन तो पोरगा टीव्हीवर बगायचा होता."

ज्या माणसाने पापलेट खाऊन नाही म्हटलं, तीन मडक्यांच्या पोपट्या खाऊन नाही म्हटलं, त्याने आयुष्यात एकदाच खोट्यावर सही राहू दिली होती, आणि तीही कुणी न मागता. माझी लाज एकाएकी हलकी झाली आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"सिद्धेशला सांगितलंत?"

"आपरेशन झाला त्याच दिशी. हास्पिटलात. बोल्लो, तुजा गुडघा मना म्हाईत होता, सरांना म्हाईत होता. तो बोल्ला, मना पन म्हाईत होता ना, नाना."

म्हणजे आम्हा सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त कागदाला माहीत नव्हती.

निरीक्षक म्हणून नानांना आता कोणी विचारत नाही. पोपटीची आमंत्रणंही थांबली. तरी दर शनिवारी ते एसटी पकडून करंज्याला जातात आणि सिद्धेशला घेऊन आमच्या मैदानावर येतात. तिथे सिद्धेश पहिल्या वर्षाच्या पोरांना पकडी शिकवतो, उभा राहून, हातात काठी घेऊन. हे काम त्याला मिळावं म्हणून मी प्राचार्यांशी भांडलो, आणि त्याबद्दल कोणी मला नारळ दिलेला नाही, हे योग्यच झालं.

गेल्या शनिवारी मी कॉलेजातून उशिरा निघालो. मैदानाच्या कडेला सिद्धेश उभा होता आणि नाना त्याच्या पायाशी उकिडवे बसून त्याच्या गुडघ्याचा पट्टा बांधत होते. एवढा उंच पोरगा, आणि त्याच्या मांडीपर्यंत जेमतेम पोचणारं ते पांढरं डोकं. "नाना, मी बांधतो ना," सिद्धेश म्हणत होता. "तू वाकू नको," नाना म्हणाले आणि पट्टा ओढून घट्ट केला.

"दुकतो काय?"

"नाय, नाना. बरा हाय."

नानांनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पट्टा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला, या वेळी सैल.

सिद्धेशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दुकत होता," तो म्हणाला.